एकतर्फी निकाल होण्याआधी: पुण्याच्या विधी सेवा प्राधिकरणाला आणि वकिलांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण,
आणि पुणे जिल्ह्यात वकिली करणारे सर्व विधिज्ञ

स. न. वि. वि.

हे पत्र एका मागणीसाठी लिहीत आहे. कोर्टाचा, बँकेचा, पतसंस्थेचा किंवा समोरच्या वकिलाचा कागद ज्या आठवड्यात सामान्य माणसाच्या हातात पडतो, त्याच आठवड्यात तो कागद समजावून देणारा आणि पुढे काय करायचे ते सांगणारा जाणकार त्याला परवडेल अशा खर्चात भेटावा. खटला उभा राहिल्यावर मोफत वकील मिळण्याची सोय कायद्याने केलेली आहे आणि तिचे मोल मी जाणते. पण माझ्या पाहण्यातली बहुतेक माणसे खटल्याच्या कितीतरी आधीच हरलेली असतात, एखाद्या सहीने किंवा एखादी तारीख चुकल्याने.

पुण्यातल्या एका कामगार पतसंस्थेत माझी सगळी नोकरी झाली. कर्जवाटप, थकबाकी, जामीनदारांना पाठवायच्या नोटिसा, वसुली. म्हणजे लोकांच्या घरी जाऊन धडकणारे कागद मी तयार करणाऱ्यांच्या बाजूने पाहिले आहेत. निवृत्तीनंतर त्याच सभासदांच्या घरची माणसे पर्वती, सहकारनगर, अप्पर भागातून कागद घेऊन येऊ लागली. "ताई, एवढं वाचून सांगा" म्हणतात. मी वकील नाही. वाचून सांगते, तारखा पेन्सिलीने अधोरेखित करते आणि वकील गाठा म्हणते. त्यावर पुढचा प्रश्न हमखास येतो, "कोणता? आणि तो किती घेईल?" या प्रश्नाला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

जामीनदाराचे उदाहरण आधी घेते, कारण ते मला आतून माहीत आहे. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली संस्था सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी, म्हणजे थकबाकी वसूल करण्याच्या हुकमासाठी, अर्ज करते. कर्जदाराला आणि जामीनदारांना सुनावणीचे समन्स निघते. जामीनदार असतो कुठल्यातरी सोसायटीचा वॉचमन किंवा कंपनीतला हेल्पर. त्याने मित्राखातर सही केलेली असते. त्याच्या मनात येते, पैसे मी घेतलेच नाहीत, मी कशाला जाऊ? सुनावणी कामाच्या दिवशी, गेला तर एक खाडा. तो जात नाही. दाखला त्याच्याही नावाने निघतो. काही महिन्यांनी पगारातून कपात करण्याचे पत्र मालकाकडे पोहोचते आणि तेव्हा तो वकिलाच्या शोधात निघतो. वकील त्याला खरे तेच सांगतात की आता त्या दाखल्याविरुद्ध कलम 154 खाली पुनरीक्षण अर्ज करायचा, तर येणे रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरा, मगच अर्ज ऐकला जाईल. ज्याच्याकडे एक खाडा सोसण्याची ताकद नव्हती त्याने निम्मी रक्कम कुठून आणायची?

सुनावणीला उभा राहिला असता तर तो सुटला असता, असे मी म्हणत नाही. जामिनाची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. पण त्याला खातेउतारा मागता आला असता. व्याज आणि दंडव्याज कसे लावले ते विचारता आले असते. कर्जदाराची कोणती मालमत्ता आहे ते दाखवून आधी तिकडे जा म्हणता आले असते, हप्ते मागता आले असते. समोर माणूस उभा असला की संस्थाही बोलायला तयार होते, हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिलेले आहे. अर्ध्या तासाचा सल्ला आणि एका कागदावरचे म्हणणे एवढ्याने फरक पडला असता.

हेच चेकच्या प्रकरणात. चेक वटला नाही म्हणून कलम 138 ची नोटीस आली, की ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि काही म्हणणे असेल तर ते उत्तरात मांडून ठेवण्याची वेळही हीच. त्यातले निम्मे दिवस घरात कोणाला न सांगण्यात जातात आणि उरलेले ओळखीचा वकील शोधण्यात. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे आपले उत्तर, द्यावी लागते, कोर्टाने मुदत वाढवली तर 90 दिवसांपर्यंत. समन्सच्या जाड कागदाला घाबरून तो देवघराच्या खणात ठेवून देणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. मग त्यांची बाजू न ऐकताच निकाल लागतो, त्याला कोर्टात एकतर्फी म्हणतात.

पुणे जिल्ह्याने या एकतर्फी निकालांची किंमत एकदा मोजली आहे. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली, कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरला. सरकारने आयोग नेमला. सावकार दावा लावतो, शेतकरी कोर्टात फिरकत नाही आणि हुकूमनामा एकतर्फी होतो, ही तक्रार त्या चौकशीत ठळकपणे पुढे आली. त्यातून 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी. न्यायाधीशाने रोख्यावरची रक्कम डोळे झाकून धरू नये, व्यवहाराचा मूळापासून इतिहास तपासावा, असे त्यात सांगितले होते. गावपातळीवर मुन्सफ म्हणजे छोटे दावे ऐकणारे न्यायाधीश आणि सलोखा घडवणारे नेमण्याची सोय होती. आणि माझ्या दृष्टीने सर्वात मोलाचे म्हणजे, शेतकऱ्याच्या विरुद्ध बाजूला वकील उभा असेल आणि शेतकऱ्याला तशी मदत घेण्याची ऐपत नाही असे न्यायाधीशाला वाटले, तर शेतकऱ्याच्या संमतीने त्याच्यासाठी सरकारी वकील किंवा दुसरा योग्य माणूस उभा करण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला होता. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी पुढे याच कायद्याच्या अंमलबजावणीत विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. आपल्याच जिल्ह्यातल्या अनुभवावरून जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी मान्य झालेली गोष्ट मी आज पुन्हा मागते आहे.

आता हक्क कागदावर भक्कम आहेत. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 39-अ आला आणि मोफत कायदेशीर मदत ही राज्याची जबाबदारी झाली. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू आहे. त्याच्या कलम 12 प्रमाणे कोणतीही स्त्री, कोणतेही मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतली व्यक्ती, आपत्तीत सापडलेली व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. 15100 हा फोन क्रमांक आहे, शिवाजीनगरच्या न्यायालयात जिल्हा प्राधिकरण आहे, तालुक्यांना समित्या आहेत.

'कोणतीही स्त्री' हे शब्द मी जिथे जिथे वाचून दाखवते, तिथे बायका मला पुन्हा वाचायला सांगतात. चार घरची धुणीभांडी करणारीला वाटते की ही सोय दारिद्र्यरेषेखालच्या कार्डावर मिळत असेल. नोकरी करणारीला वाटते की आपल्याला पगार आहे म्हणजे नाही मिळणार. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, तीही 1 ऑक्टोबर 1994 पासून. हेही सांगावे लागते.

या अज्ञानाचा सर्वात मोठा फटका कुठे बसतो, तर दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात. मुळशी, मावळ, हवेली, खेड, शिरूर. या तालुक्यांतल्या जमिनींना जो भाव आला आहे तो आपण सारे जाणतो. गुंठे विकायचे ठरले की भाऊ सासरी गेलेल्या बहिणींना बोलावतो. गाडी पाठवतो, जेवण होते, "फक्त अंगठा आणि फोटो द्यायचाय" म्हणून सांगतो. हक्कसोडपत्र नोंदले जाते. बहिणीने समजून उमजून, राजीखुशीने हक्क सोडला तर त्यात तिसऱ्याने बोलण्यासारखे काही नाही. माहेर टिकवण्यासाठी कित्येक जणी तसे करतात आणि तो त्यांचा निर्णय आहे. पण मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे, महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली तसा कायदा केला, 2005 मध्ये वडील हयात नव्हते तरी तो लागू होतो असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले, यातले एक अक्षर तिला सहीच्या आधी कोणी सांगितलेले नसते. नंतर कळते. तेव्हा दस्त रद्द करून घेण्यासाठी दावा लावावा लागतो, त्याला कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, आणि तोवर जमीन तिसऱ्याच्या नावावर जाऊन प्लॉट पडलेले असतात.

या बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क सहीच्या दिवशीही होता. तिच्यापासून काही पावलांवर बायोमेट्रिकचे यंत्र होते, फोटोचा कॅमेरा होता, दस्त तयार करणारा एजंट होता. तिच्या बाजूने बोलणारे एवढे मात्र कोणी नव्हते.

महोदय, माझी आपल्याला पहिली विनंती इथेच आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयात, अंगठा घेण्याच्या टेबलाच्या समोर, मोठ्या मराठी अक्षरांत एक फलक लावून घ्यावा: हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर सल्ला घेता येतो, फोन 15100. आणि आठवड्यातून एक ठरलेला दिवस तिथे प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या, म्हणजे मोफत मदतीच्या यादीतल्या, वकिलाने किंवा निदान प्रशिक्षित विधी स्वयंसेवकाने बसावे. नोंदणी महानिरीक्षकांचे मुख्य कार्यालय पुण्यातच आहे. सहकार आयुक्तांचेही पुण्यातच आहे, म्हणजे उपनिबंधकांच्या सुनावणीच्या समन्सवर मोफत सल्ल्याची दोन ओळींची सूचना छापायची असेल तर त्यासाठीही मुंबईला जायला नको. आपल्या पदावरून गेलेल्या पत्राला जे वजन आहे ते आमच्या शंभर अर्जांना येणार नाही.

फलकांबद्दल तर सर्वोच्च न्यायालयानेच सांगून ठेवले आहे. 23 ऑक्टोबर 2024 च्या सुहास चकमा प्रकरणातल्या निकालात, पोलीस ठाणी, पोस्ट ऑफिस, बस स्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणी जवळच्या विधी सेवा कार्यालयाचा पत्ता आणि फोन दाखवणारे फलक स्थानिक भाषेत लावावेत असे म्हटले आहे. पुणे स्टेशन, स्वारगेट, तालुक्याची एसटी स्थानके, पीएमपीचे डेपो, जिल्हा न्यायालयाचे मेट्रो स्थानक: जिथे जिथे असा फलक अजून लागलेला नसेल तिथे तो लावून घ्यावा. वेल्ह्याहून किंवा भोरहून एसटीने आलेल्या माणसाला कोर्टाच्या आवारात शिरण्याआधीच कळावे की कोणत्या दारात जायचे. आवारात शिरल्यावर त्याला पहिला भेटणारा माणूस बहुधा टायपिंगवाला किंवा दस्तांचा दलाल असतो.

अर्ज करतानाच्या एका गोष्टीचा मला मनापासून संताप येतो. उत्पन्नाचा पुरावा म्हणून तहसीलदारांचा दाखला आणा, असे लोकांना सांगितले जाते. 1987 च्या कायद्याचे कलम 13 म्हणते की अर्जदाराचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र उत्पन्नासाठी पुरेसे धरता येईल, त्यावर अविश्वास ठेवायला कारण असेल तर गोष्ट वेगळी. मग लोक प्रतिज्ञापत्र करायला जातात आणि बाहेर त्यांच्याकडून मुद्रांकाचे पैसे घेतले जातात. सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क राज्य सरकारने 2004 मध्येच माफ केले आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये 100 रुपयांच्या जागी 500 रुपयांचा मुद्रांक आला, तेव्हापासून ही लूट पाचपट झाली. आपण गरीब आहोत हे सांगण्यासाठी गरिबाने 500 रुपये मोजायचे आणि वर नोटरीचे वेगळे. साध्या कागदावरच्या प्रतिज्ञापत्राचा छापील मराठी नमुना प्राधिकरणाच्या खिडकीवर ठेवावा, आणि मुद्रांकाची गरज नाही हे त्याच नमुन्याच्या डोक्यावर छापावे. याला फार निधी लागणार नाही.

आता वकील मंडळींशी बोलते.

3 लाखांची मर्यादा म्हणजे महिन्याला 25 हजार. पुण्यात 26 हजार मिळवणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा, दोन मुलांचा बाप या कायद्याच्या बाहेर पडतो. रिक्षावाला, डिलिव्हरीवाला, दुकानातला सेल्समन, छोट्या कारखान्यातला सुपरवायझर. यांतल्या काहींना कामगार म्हणून हक्क सांगता येईल, पण सगळ्यांना नाही. ही मर्यादा राज्य सरकार ठरवते, ती वाढावी म्हणून प्राधिकरणाने शिफारस करावी हे तर मी म्हणतेच. पण मर्यादा कितीही वाढवली तरी तिच्या वर कोणीतरी उरणारच, आणि त्या माणसाला फुकट काही नको असते. किती खर्च येईल एवढे आधी कळले तर तो उसने-पासने करूनही देतो.

नेमके तेवढेच त्याला कळत नाही. वकिलांना जाहिरात करता येत नाही आणि त्यामागची भूमिका मला पटते, वकिली दुकानदारी होऊ नये. पण परिणाम असा झाला आहे की किराणा, डॉक्टर, शाळा या सगळ्यांचा खर्च माणूस चार ठिकाणी विचारून घेतो, आणि वकिलाच्या पायरीवर मात्र पैशांचा विषय काढायलाही घाबरतो. पहिल्या भेटीत एक आकडा, पुढे प्रत्येक तारखेला वेगळा, झेरॉक्स-टायपिंगचा आणखी वेगळा, पावती नाही. सगळे वकील असे वागतात असे मी म्हणत नाही; पैसे न घेता पाच-पाच वर्षे केस चालवणारे वकील याच शहरात आहेत आणि त्यांच्याकडे मी स्वतः माणसे पाठवली आहेत. पण सामान्य माणूस सरासरीवर जात नाही, ऐकीव गोष्टींवर जातो. अपघाताच्या दाव्यात नुकसानभरपाईची टक्केवारी ठरवून काम घेतल्याच्या गोष्टीही ऐकू येतात. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, हे अपघातात नवरा गेलेल्या विधवेला कोण सांगणार?

पुण्यातल्या वकील संघटनांना माझे सुचवणे असे. ज्यांची तयारी आहे अशा वकिलांची एक यादी संघटनेने स्वतः तयार करावी, बार कौन्सिलच्या चौकटीत बसेल अशी. त्यात काही ठरावीक कामांचे ठरावीक दर असावेत: अर्ध्या तासाचा पहिला सल्ला, नोटिशीला उत्तर, कलम 101 च्या सुनावणीत म्हणणे मांडणे, भाडेकरार वाचून देणे, पोटगीचा अर्ज. पहिला सल्ला 300 रुपयांत देता येईल का, याचा विचार करावा. दर तुम्हीच ठरवा, पण तो जाहीर असावा आणि पावती मिळावी. सर्वोच्च न्यायालयात मध्यम उत्पन्न गटासाठी ठरलेल्या दरांची योजना आहेच. दिल्लीत जे चालते ते शिवाजीनगरात का चालू नये? गरजूला पैसे पुरे देता येत नसले तरी त्याला वकिलाची मदत मिळायला हवी आणि आपल्या ऐपतीच्या मर्यादेत ती देणे हे समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे, असे बार कौन्सिलचा नियम 46 सांगतो. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घेणारे सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी, याच शहरातले वकील होते. सरकारचा रोष ओढवून घेऊन त्यांनी ते केले. आज तुमच्याकडे मी मागते आहे ते त्या मानाने फार थोडे आहे.

प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांबद्दल लोकांच्या मनात एक अढी आहे, "फुकटचा वकील काय लक्ष देणार?" ही अढी अन्यायाची आहे, पण ती नुसत्या भाषणाने जाणार नाही. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या 2025 च्या अहवालानुसार देशात कायदेशीर मदतीवर वर्षाला माणशी साधारण साडेसहा रुपये खर्च होतात. एवढ्या निधीतून पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारे मानधन तुटपुंजे असणार आणि उशिरा येणार हे उघड आहे. ते वेळेवर आणि वाढवून मिळावे, हे आम्ही पक्षकारांनीच मागितले पाहिजे, कारण त्यात आमचाच फायदा आहे. बदल्यात एक साधी शिस्त हवी. प्रत्येक तारखेनंतर पक्षकाराला मराठीत दोन ओळींचा संदेश जावा: आज काय झाले, पुढची तारीख कोणती, तुम्ही यायचे की नाही. कोर्टाच्या ॲपवर केसची स्थिती दिसते हे खरे, पण ती वाचून अर्थ लागावा लागतो. आणि पॅनेलवरच्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे मागायचे नसतात, मागितले तर तक्रार कुठे करायची, हे वकील नेमल्याच्या पत्रावरच लिहिलेले असावे.

लोकअदालतीबद्दल थोडेच. ती चांगली आहे, दिवाणी दाव्यात तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, वर्षानुवर्षांची प्रकरणे एका दिवसात मिटतात. पण राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी बँका, फायनान्स कंपन्या, फोन कंपन्या यांच्या दाखलपूर्व, म्हणजे अजून कोर्टात दाखल न झालेल्या, प्रकरणांच्या नोटिसा घरोघर येतात, आणि कोर्टाचे नाव पाहून माणसे हादरतात. आपण आरोपी आहोत असे समजून येतात, समोर कंपनीचा माणूस जो आकडा सांगेल त्याला मान डोलावतात आणि सही करतात. त्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. म्हणून त्या नोटिशीवर ठळक लिहावे की तडजोड पटली नाही तर नाही म्हणता येते. आणि लोकअदालतीच्या दारातच एक सल्ला टेबल असावे, जिथे सही करण्याआधी पाच मिनिटे बसता येईल.

भाषेचा प्रश्न नवा नाही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याचा निर्णय 1998 सालचा आहे. तरी वसुलीच्या नोटिसा इंग्रजीत येतात. सातवी-आठवी शिकलेल्या माणसाला इंग्रजी नोटीस पाठवताना सोबत मराठी प्रत जोडावी, एवढे वकील मंडळींनी आपल्या अशिलाला सांगितले तरी पुष्कळ होईल. पुण्याला उच्च न्यायालयाचे खंडपीठ हवे, या मागणीला माझा पाठिंबा आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या लोकांपैकी उच्च न्यायालयापर्यंत पोहोचणारे फार विरळा, त्यामुळे तो विषय इथे वाढवत नाही.

वेळेचा मुद्दा मात्र सोडता येणार नाही. कोर्ट, उपनिबंधक कार्यालय, प्राधिकरणाची खिडकी, सगळे कामाच्या वेळेत उघडे आणि कामाच्या वेळेत बंद. रोजंदारीवरच्या माणसासाठी मोफत सल्ल्याची किंमत एका दिवसाची मजुरी असते. आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी सल्ला केंद्र चालू ठेवता आले, वस्त्यांमध्ये फिरते ठेवता आले, तर येणाऱ्यांची संख्या तुम्हालाच दिसेल. पुण्यात विधी महाविद्यालयांना तोटा नाही; आयएलएस तर 1924 पासून आहे. विद्यार्थ्यांना कोर्टात उभे राहता येत नसले, तरी वकिलाच्या देखरेखीखाली कागद वाचणे, मुदतीची तारीख काढणे, अर्ज लिहून देणे त्यांना नक्की जमेल. पाच लाखांपर्यंतच्या ग्राहक तक्रारीला तर फी नाही आणि वकीलही लागत नाही, तिथे नुसती लिहायला मदत पुरते. मला जे अर्धवट जमते ते या मुलामुलींना पुरे जमावे.

जागेची अडचण असेल तर तीही सांगावी. आमच्या पतसंस्थेच्या संचालकांशी मी बोलले आहे. पर्वती पायथ्याजवळच्या शाखेतली बैठकीची खोली शनिवारी दुपारी दोन ते सहा मोकळी असते. टेबल, खुर्च्या, झेरॉक्स मशीन आहे, पाण्याची सोय आहे, आणि जिना चढावा लागत नाही. येणाऱ्यांना क्रमांक देणे, कागदांच्या प्रती काढणे, नोंदवही ठेवणे हे काम मी आणि माझ्या दोन निवृत्त सहकारी विनामोबदला करू. संस्थेचीच वसुली प्रकरणे असलेल्या जामीनदारांनाही तिथे सल्ला घेता येईल, हे संचालकांनी मान्य केले आहे. प्राधिकरणाने एक वकील पाठवावा. सुरुवात कोणत्या शनिवारी करायची ते कळवावे, म्हणजे वस्तीत आधी सांगून ठेवता येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी
पर्वती, पुणे